मुकादमाचा गुडघा

मी फरशी घासायचं यंत्र आहे. बोलायची मला सवय नाही. माझं काम घरघर करायचं, तेही कुणी बटण दाबलं तर. पण ज्या घरात तीन शहाणी माणसं एक साधं वाक्य बोलायला सात आठवडे लावतात, तिथे लोखंडालाही तोंड फुटतं.

आधी माझं सांगतो, थोडक्यात. मी ओतीव लोखंडाचा. वर मोटार, मागे दोन चाकं, छातीइतक्या उंचीवर दांडा आणि पोटाखाली गोल तबकडी. तबकडीत सहा दगड बसतात. मला जिना चढवायचा तर दोन माणसं लागतात आणि दोघंही वरपर्यंत शिव्या देतात. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. हलक्या यंत्राने फरशी घासली जात नाही, नुसती कुरवाळली जाते.

मला घेतलं ते मिस्त्रीने. तेव्हा त्याची मिशी काळी होती. आता तो सत्तरीच्या पुढे आहे. शाळेत चार वर्षं गेला, मग कामाला लागला. त्याच्या हाताखाली मी दवाखाने घासले, शाळा घासल्या, कचेऱ्या घासल्या. एका न्यायालयाचा पॅसेज इतका लांब होता की एका टोकाला सुरुवात केली तेव्हा हिवाळा होता आणि दुसऱ्या टोकाला पोचलो तेव्हा पंखे सुरू झाले होते.

घासायची रीत अशी. आधी साठ नंबरचा दगड, सगळ्यात खरखरीत. तो फरशीचे उंचवटे खातो. मग ऐंशी, मग एकशेवीस, असं करत वर चढायचं. नंबर वाढतो तशी फरशी मऊ होते. शेवटी लोकरीची चकती आणि मेण. मिस्त्रीचा एक कायदा होता. वरचा दगड लावला की खालचा पुन्हा लावायचा नाही. मागे जायचं नाही. काम संपलं की तो गुडघे टेकायचा, गाल फरशीला लावायचा आणि उजेडाच्या दिशेने बघायचा. खिडकीचे गज फरशीत सरळ दिसले पाहिजेत. एक गज जरी वाकडा दिसला तरी मला परत ओढायचा.

कौतुक तो करत नसे. दुसऱ्याचं नाही, स्वतःचं नाही, माझं तर नाहीच.

प्रत्येक कामावरून तो मूठभर दगडी खडे मागून आणायचा. पंचवीस वर्षं आणत होता. डबे भरले. मग घर बांधलं तेव्हा ते सगळे खडे सिमेंटात कालवून त्याने हॉल, पॅसेज आणि स्वयंपाकघर यांची फरशी स्वतः घातली. सतरा दिवस आम्ही दोघं ती घासत होतो. हिरवा खडा दवाखान्याचा, काळा न्यायालयाचा, गुलाबी त्या शाळेचा जिथे मुख्याध्यापिकेने त्याला खुर्ची देऊन बसवलं होतं. घरी आलेल्या माणसाला पाणी मिळायच्या आधी ही माहिती मिळते.

काम सुटलं. सवय सुटली नाही. मला हॉलच्या कोपऱ्यात उभं केलं आणि दर महिन्याला एकदा लोकरीची चकती लावून घरच्याच फरशीवर फिरवायला सुरुवात केली. वर्षांमागून वर्षं. आता त्या फरशीत तुम्हाला स्वतःच्या नाकपुड्या दिसतात. घरात गालिचा नाही, सतरंजी नाही, दाराशी पायपुसणं तेवढं आहे, तेही बाहेरच्या बाजूला. मिस्त्री म्हणतो, झाकायची असेल तर घातली कशाला.

त्या फरशीवर एक दिवस कुत्रं आलं.

मिस्त्रीची मुलगी चष्म्याच्या दुकानात काम करते. दिवसभर परक्या लोकांना अक्षरं वाचायला लावते आणि घरी बाप चष्मा लावत नाही म्हणून हात टेकते. दुकानाच्या मागे तिला पिल्लू सापडलं. तपकिरी, एक कान उभा, एक पडलेला. मिस्त्री म्हणाला, दोन दिवस ठेवा, मग सोय बघा. घरात कुणी काही काम काढलं की ते पिल्लू समोर येऊन बसायचं, मान तिरकी करून शेवटपर्यंत बघायचं आणि पंजाही हलवायचं नाही. तिसऱ्या दिवशी मिस्त्रीनेच नाव ठेवलं, मुकादम. नाव ठेवलं म्हणजे सोय बघायचा प्रश्न मिटला. कुत्र्याला हॉलमध्ये घेऊ नका, असं तो पुढे वर्षभर म्हणत राहिला. म्हणताना कुत्रं त्याच्या पायाशीच असायचं.

मुकादम वाढला. पस्तीस किलो झाला. फरशीवर चालायची त्याची एक तऱ्हा होती. नखं बाहेर काढायची, पाय फाकवायचे आणि वळायचं झालं तर नावेसारखं लांबून वळायचं. घरातली माणसं हसायची. बाई, म्हणजे मिस्त्रीची बायको, शेजारणींना बोलावून दाखवायची. मला हसू आलं नाही. मी ती फरशी घासली होती. ती काय चीज आहे मला ठाऊक होतं.

व्हायचं तेच झालं. दाराची घंटा वाजली, मुकादम स्वयंपाकघरातून सुटला आणि पॅसेजच्या वळणावर त्याचा डावा मागचा पाय शरीराबरोबर वळलाच नाही. एकदाच ओरडला. मग तीन पायांवर उभा राहून शेपूट हलवायला लागला, जणू त्यानेच काही चूक केली होती.

मिस्त्री म्हणाला, मुरगळलाय, होईल बरा. दहा दिवस गेले. पाय टेकेना. मग मुलगी त्याला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. गुडघ्याच्या आत हाडांना धरून ठेवणारी जी दोरी असते, लिगामेंट म्हणतात, ती तुटली होती. ऑपरेशन झालं. मुकादम घरी आला तेव्हा त्याचा एक पाय केस काढलेला, गुलाबी, बारीक. बाकी कुत्रा एका घरचा आणि पाय दुसऱ्या घरचा वाटत होता.

त्याच्याबरोबर एक कागद आला. त्यावर अकरा नियम छापलेले. जेवणाच्या टेबलाशी मुलीने ते बापाला वाचून दाखवले. पहिला, बारा आठवडे आराम, कुंपणात. दुसरा, बाहेर फक्त पट्ट्याने, सुरुवातीला पाच मिनिटं. तिसरा, उडी नाही, जिना नाही. मग ती थांबली, थोडी खोकली आणि म्हणाली, पाचवा, वजन तीन किलो कमी करायचं.

कागद फ्रिजवर लागला. चौथ्या नियमावर तिने स्ट्रॉबेरीच्या आकाराचं चुंबक बसवलं. माझ्या कोपऱ्यातून फ्रिज सरळ दिसतो. चुंबक बसायच्या आधी मी वाचलं होतं. गुळगुळीत फरशीवर चालू देऊ नये.

बाईने मुलीकडे बघितलं. मुलीने बाईकडे. दोघींनी मिस्त्रीकडे बघायचं टाळलं. त्या क्षणी एकीने जरी तोंड उघडलं असतं तरी पुढचं सगळं टळलं असतं. पण नाही.

मग सुरू झाली सेवा. सेवेत कसूर नव्हती, तेही सांगतो. कपडे वाळत घालायचे दोन स्टँड जोडून हॉलमध्ये कुंपण केलं. त्याला बाहेर न्यायचं तर पोटाखालून टॉवेलची झोळी घालून मागचा भार उचलायचा. बाई इतक्या मायेने उचलायची की मागचे दोन्ही पाय हवेत. मिस्त्री म्हणाला, "अगं, कुत्रा आहे तो, बाजाराची पिशवी नाही." त्याने झोळी स्वतः धरली. एका हाताने, बरोबर हवी तितकीच वर. यंत्र धरून धरून मनगटाला अंदाज होता. पाय टेकला पाहिजे पण भार पडता कामा नये. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. म्हणून तर जास्त चीड येते. ज्याला इतकं कळतं त्याला पायाखालचं दिसेना.

गुडघा सुजला की गोठवलेल्या मटारची पिशवी रुमालात गुंडाळून दहा मिनिटं धरायची. तेव्हा बाई चार मटार मुकादमाला द्यायची. मुलगी गोळी चीजमध्ये लपवायची आणि चीज गोळीच्या चौपट. मिस्त्री पावाची कड द्यायचा, कुणाचं लक्ष नाही असं बघून. तिघांनाही वाटायचं, आपण एकटेच देतो. चौथ्या आठवड्यात वजन केलं तर कुत्रा दीड किलोने वाढला होता. तिघं एकमेकांकडे बघत बसले. मला सगळं माहीत होतं. मला कुणी विचारलं नाही.

पण ते राहू द्या. खरा तमाशा सकाळी व्हायचा.

मिस्त्री सकाळी तासभर फिरायला जातो. फाटक वाजलं की मायलेकी उठायच्या. पलंगाखालून, कपाटामागून, गॅलरीतून एकेक चटई निघायची. व्यायामाच्या दोन, न्हाणीघरातल्या तीन, गाडीतलं एक रबरी पायपुसणं, वरून बाईची जुनी रजई. हॉलपासून मागच्या दारापर्यंत वाट घातली जायची. मुकादम त्यावरून चालायचा. दोन चटयांमध्ये हातभर फरशी उघडी राहायची, तिथे तो थांबायचा, विचार करायचा आणि उडी मारायचा. ज्याला उडी मारायची नाही असं कागदावर छापलंय, तो रोज सकाळी आठ उड्या मारत होता, आणि मागे मुलगी टाळ्या वाजवत होती.

परत फाटक वाजलं की धावपळ. मिस्त्री बूट काढेपर्यंत सगळं गोळा. एकदा मुकादम हॉलच्या मधोमध होता आणि बाईने घाईत त्याच्या पायाखालची चटईच ओढली. तो चारी पाय ताणून तसाच उभा राहिला, बर्फावर ठेवलेल्या स्टुलासारखा. मिस्त्री आत आला, बघितलं आणि म्हणाला, असा काय उभाय हा? बाई म्हणाली, ऊन खातोय. तिथे ऊन येत नाही.

मी चाळीस वर्षं माणसं जवळून बघितली आहेत. लोक वाईट नसतात. लोक एखाद्या माणसाच्या नाराजीला इतके भितात की त्याच्याभोवती वाटा काढत जगतात आणि त्या माणसाला वाटतं सगळं सुरळीत आहे.

सातव्या आठवड्यात मिस्त्रीने स्वतः बघितलं. मुकादम पाणी प्यायला उठला आणि मागून घसरला. थोडासाच. मिस्त्री वाकला. त्या जागेवर तळहात फिरवला, बोटं नाकाशी नेली, चोळून बघितली. आता कळणार, असं मला वाटलं. इतकी वर्षं ज्या हातांनी फरश्या ओळखल्या त्यांना आता कळणारच.

तो उठला आणि म्हणाला, मेणाचा थर राहिलाय. जुनं मेण आहे, म्हणून सटकतोय. साफ काढून नवं पॉलिश मारतो.

बाईच्या हातात आमटीचा डाव होता. तो तसाच राहिला. मुलगी म्हणाली, बाबा, आजच कशाला. तो म्हणाला, मग कधी, त्याचा पाय मोडल्यावर?

पॉलिशवाल्याला प्रत्येक दुखण्यावर एकच औषध माहीत असतं. त्याने मला कोपऱ्यातून ओढलं, लोकरीची चकती लावली. दोन खोल्या झाल्या आणि फ्यूज उडाला. मला वाटलं सुटलो. त्याने पाच मिनिटांत नवी तार घातली. संध्याकाळी फरशी अशी झाली की दिवा लावला तर दोन दिवे लागत. मिस्त्रीने गाल टेकून गज बघितले, समाधानाने उठला आणि मुकादमाला म्हणाला, झालं, आता चाल बिनधास्त.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुकादम बिनधास्त चालला. कुंपणाबाहेर दोन पावलं. मागचे दोन्ही पाय दोन दिशांना गेले आणि तो पोटावर पसरला. उठायला गेला, परत पसरला. या वेळी उजवा पाय, ज्याच्यावर आजवर सगळा भार होता तो. तो ओरडला नाही. मिस्त्रीकडे बघत राहिला.

उचलून न्यायची सोय नव्हती, म्हणून डॉक्टरीणबाई घरी आल्या. दारात चपला काढल्या, आत आल्या आणि दुसऱ्याच पावलाला घसरल्या. माझा दांडा हाताशी होता म्हणून वाचल्या. मी हललो नाही. तेवढं मला येतं.

"ही फरशी..." त्या म्हणाल्या.

"माझी आहे," मिस्त्री म्हणाला. "हाताने घातलेली. कालच पॉलिश केलंय."

त्या फरशीकडे बघत जपून पुढे आल्या. मुकादमाजवळ बसल्या, उजवा गुडघा दोन हातांत धरला, पुढे मागे करून बघितला. बराच वेळ. मग सांगितलं की दोरी अजून पूर्ण तुटलेली नाही, काही धागे शिल्लक आहेत. डावा भरत आला होता, त्यालाही हिसका बसला आहे. "काका, उजवाही गेला तर एवढं जड कुत्रं दोन मोडक्या गुडघ्यांवर उभं राहायचं नाही. मग मला तुम्हाला एक प्रश्न विचारावा लागेल आणि तो मला विचारायचा नाही."

प्रश्न शेवटच्या इंजेक्शनचा आहे हे सगळ्यांना कळलं. मुकादम सोडून.

"चौथा नियम पाळला होता ना?" त्यांनी विचारलं.

मिस्त्री उठला. फ्रिजपाशी गेला. स्ट्रॉबेरी बाजूला केली आणि कागद हातभर लांब धरला. ओठ हलवत वाचलं. एकदा. मग परत एकदा. फ्रिजची मोटार घरघरत होती. बिघडत आली आहे ती.

"हा पहिल्यापासून आहे इथे?"

"हो," मुलगी म्हणाली.

"तीनानंतर तू पाच वाचलास. दगडाच्या नंबरात मी जन्मात चुकलो नाही आणि हे माझ्या कानावरून गेलं." मग म्हणाला, "का नाही वाचलास?"

"वाचला असता तर तुम्ही काय केलं असतं, बाबा?"

त्याने कागद परत फ्रिजवर लावला, या वेळी चौथा उघडा ठेवून. खोटं बोलायची त्याला सवय नाही. तेव्हा बाईने हातातला डाव ओट्यावर ठेवला.

"मीपण पडलेय. दोनदा. मागच्या वर्षी मनगट सुजलं होतं ना, तेव्हा एकदा."

"बसमधून उतरताना लागलं म्हणालीस."

"म्हणाले खरं."

डॉक्टरीणबाई हळूच उठल्या, भिंत धरून दारापर्यंत गेल्या आणि चपला घालून निघाल्या. शहाणी बाई.

पुढचे दोन दिवस मिस्त्री कुणाशी बोलला नाही. मुलीने आता उघडपणे चटया घातल्या. गुळगुळीत फरशीवर चटईच सरकते, हे तिला तेव्हा कळलं. मुकादम चटईसकट भिंतीपर्यंत गेला. तिने चिकटपट्टी आणली. मेणावर चिकटपट्टी धरत नाही, हे मिस्त्री तिला सांगू शकला असता. तो बसून बघत होता. मी मनातल्या मनात ओरडत होतो, बोल बाबा, आता तरी बोल.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो म्हणाला, "याला आणि आईला चार दिवस मावशीकडे ने. तिच्याकडे गालिचा आहे ना?"

गालिचा हा शब्द त्याच्या तोंडून शिवीसारखा न आलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

ते गेल्यावर त्याने एकट्याने सामान हलवलं. मग शिडी लावून माळ्यावरून एक पेटी काढली. त्यात दगड होते, न वापरलेले. त्याने सहा दगड निवडून माझ्या तबकडीत बसवले. मी वजनावरूनच ओळखलं. साठ नंबर.

आता माझंही खरं सांगतो. सात आठवडे मी त्या तिघांवर चिडत होतो, की तुम्ही बोलत का नाही, फरशीच तर आहे. पण ते सहा दगड पोटाखाली बसले तेव्हा मला वाटलं, कुणीतरी याला थांबवावं. घंटा वाजावी. फ्यूज उडावा. सतरा दिवस मीपण घासलं होतं. मी आणि ती तीन माणसं वेगळी नाहीत, एवढं मला त्या सकाळी कळलं आणि ते कळून मला आणखीच राग आला.

त्याने फरशीवर पाणी ओतलं. बटणावर अंगठा ठेवला आणि उभा राहिला.  मग म्हणाला, "चल."

चाळीस वर्षांत माझ्याशी बोललेला तो पहिला शब्द.

पहिली फेरी गेली आणि आरशावर राखाडी ओरखडा उठला, हातभर रुंद. त्याने थांबून बघितलं नाही. दुसरी फेरी, तिसरी. फरशीतून राखेसारखा चिखल निघत होता आणि तो रबरी फळीने ओढून बादलीत भरत होता. त्या चिखलात न्यायालयही होतं, दवाखानाही होता. चार दिवस आम्ही हेच केलं. पॅसेजच्या वळणावर माझी तबकडी कोपऱ्यापर्यंत पोचत नाही. तिथे तो बसला आणि दगड हातात घेऊन घासला. सगळ्यात जास्त वेळ तिथेच घासला. तिथूनच तर सगळं सुरू झालं होतं.

शेवटी फरशी धुतली, सुकू दिली. गाल टेकून बघण्यात अर्थ नव्हता, त्यात काही दिसणार नव्हतं. मग त्याने जे केलं ते कुणी बघितलं नाही, मी बघितलं. सत्तरी ओलांडलेला तो माणूस स्वयंपाकघरात हातापायांवर ओणवा झाला, पॅसेजमधून जमेल तेवढ्या वेगाने आला आणि वळणावर झटकन वळला. घसरला नाही. परत गेला, परत वळला. मग कंबर धरून उठला आणि हात धुतले.

सगळे परत आले. बाईने दारातून बघितलं. फरशी खडू पुसलेल्या पाटीसारखी फिकी पडली होती. ती म्हणाली, छान दिसतेय.

"खोटं बोलू नकोस," मिस्त्री म्हणाला. "आता तरी."

"घाण दिसतेय," बाई म्हणाली.

"हं. ते ठीक आहे."

आणि मुकादम? तो उंबऱ्यावर बसून राहिला. आत येईना. म्हणजे ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला त्याला विश्वास नाही. मुलीने बोलावलं, बाईने बिस्किट दाखवलं, मिस्त्रीने दरडावलं. अखेर मिस्त्री आत गेला, फरशीवर मांडी घातली, पाठ फिरवली आणि पेटीतले उरलेले दगड पुसायला घेतले. काम सुरू आहे म्हटल्यावर मुकादमाला राहवेना. एक पंजा ठेवला. उचलला. परत ठेवला. मग आला, नखं न काढता, आणि समोर बसून मान तिरकी केली.

एका दिवसात काही झालं नाही. बारा आठवड्यांचे वीस झाले. पाच मिनिटं चालणं, मग सात, मग दहा. बस, ऊठ, बस, ऊठ, दिवसातून तीनदा, मिस्त्री स्वतः मोजून. मटार बंद, चीज बंद, पावाची कड बंद, तीही सगळ्यांसमोर कबूल करून. वजन उतरलं. डॉक्टरीणबाईंनी परवा उजवा गुडघा तपासला. सूज गेली आहे. ऑपरेशन नको. डावा गुडघाही घट्ट झाला आहे. या वेळी त्या चपला काढून भिंत न धरता चालल्या.

मागच्या आठवड्यात मिस्त्रीचा जुना सोबती आला, संगमरवर कापणारा. दारातच थबकला. त्याला ती फरशी माहीत होती.

"कुणी नासवली रे?"

"मी."

"का?"

"घरात चालता येत नव्हतं."

एवढंच. पाणी आलं, ते दोघं प्याले आणि बोलणं दुसरीकडे गेलं. त्या दिवशी हिरवा, काळा, गुलाबी असं काही सांगितलं गेलं नाही.

आता माझी स्थिती. मला काम उरलेलं नाही. दर महिन्याची फेरी बंद झाली. केबल कडक होऊन तडकली आहे, एक चाक गंजलं आहे. बाई माझ्या दांड्यावर कुत्र्याचा टॉवेल वाळत घालते. न्यायालयाचा पॅसेज घासलेल्या यंत्रावर टॉवेल. मोटारीत केस जातात ते वेगळंच. परवा मुलगी म्हणाली, हे धूड भंगारात देऊ या का, जागा मोकळी होईल. मिस्त्री हं म्हणाला. त्याचं हं हो असतं की नाही, हे त्या घरात अजून कुणाला कळलेलं नाही. आणि विचारायचं मात्र कुणी नाही.

म्हणून मीच विनंती करतो. जायला माझी हरकत नाही, माझं झालं आहे. फक्त घाई करू नका. गेले काही दिवस मुकादम माझ्याशेजारी झोपतो. अजून त्याला उठताना जड जातं. उजवी मांडी माझ्या लोखंडाला टेकवतो, भार माझ्यावर देतो आणि मग मागचे पाय सरळ करतो. भिंतीशी त्याला ते जमत नाही, खुर्ची सरकते. मी सरकत नाही.

ज्या सकाळी तो मला न टेकता उठेल त्या सकाळी भंगारवाल्याला खुशाल बोलवा. दोन माणसं आणायला सांगा. तोवर मला या कोपऱ्यातून हलवू नका.